प्रतापनगरच्या फुटपाथवरची अळणी खिचडी

मंडळी, मी या ग्रुपवर नुसती वाचणारी. तुमचे पिंपळ, पडक्या विहिरी, रात्रीच्या हायवेवर लिफ्ट मागणाऱ्या बायका... सगळं वाचते, मनात हसते आणि झोपते. माझ्या बाबतीत असं काही होईल असं वाटलं नव्हतं. कारण एक तर मी केमिस्ट्री शिकवते — बडोद्यात कारेलीबागेत आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत माझे अकरावी-बारावीचे क्लास चालतात — आणि दुसरं म्हणजे ‘असं कसं झालं’ विचारल्यावर ‘असंच झालं’ हे उत्तर मी आयुष्यात कुणाकडून घेतलेलं नाही. पोरं माझ्या नावाने खडे फोडतात ते उगीच नाही.

तर ही भुताची गोष्ट नाही. मिठाची आहे. एक विनंती करून ठेवते — ‘मॅडम, मीठ नीट ढवळलं नसेल’ अशी कमेंट कुणी करू नका. ढवळलं होतं. लोकांना ते सांगून सांगून माझा घसा बसलाय.

माझ्या सासूबाई हयात असताना दर अमावस्येला प्रतापनगरच्या पुलाजवळ, रेल्वेच्या भिंतीला लागून जो फुटपाथ आहे, तिथे राहणाऱ्या लोकांना खिचडी वाटायच्या. त्या गेल्यावर मी ते चालू ठेवलं. लॉकडाऊनमध्ये अमावस्येचं रोजचं झालं आणि मग थांबवता येईना. रोज दुपारी, सकाळची बॅच सुटली की मोठं पातेलं गॅसवर. आमच्या सोसायटीतल्या कल्पनाबेन डाळ-तांदूळ गोळा करतात, भाजी चिरू लागतात आणि रिक्षात पातेलं धरून बसतात. खिचडी आमची, गोडा मसाल्याची. कढी त्यांची, गुळाची. फुटपाथवर चाळीसेक माणसं. कुणी बाटल्या वेचणारे, कुणी पाय गेलेले, कुणी नुसतेच भिंतीकडे तोंड करून बसलेले.

आमच्या घरात दोन नियम होते, सासूबाईंचे. सासरे, आजेसासरे सगळे संस्थानात कारकून होते, त्यामुळे नियम म्हणजे नियम. पहिला — दुसऱ्याला वाढायचं अन्न आधी चाखायचं नाही, ते उष्टं होतं. मीठ अंदाजाने घालायचं, हाताला कळतं. दुसरा — वाढणारीने पंगतीत बसायचं नाही. सगळे जेवले की मग आपण. मी देवधर्माची नाही, पण हे दोन्ही पाळत आले. सवय म्हणा. आणि इतकी वर्षं मीठ कधी चुकलं नव्हतं.

आता जरा मनातलं बोलते. रोज अन्न वाटता म्हटलं की लोक डोळे मिटून म्हणतात, ‘किती समाधान मिळत असेल ना.’ समाधान मिळायचं, नाही असं नाही. पण त्याबरोबर जे मिळतं ते कुणी विचारत नाही. वाढदिवसाचा उरलेला केक आणून फोटो काढणारी मंडळी. ‘यांना फुकटची सवय लावताय’ म्हणणारे शेजारी. काल ज्याच्या पायाला पट्टी बांधून दिली तो आज जागेवर नाही, कुठे गेला कुणाला माहीत नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. वर्षानुवर्षं वाढायचं आणि शेवट कुणाचाच कळायचा नाही. मी चिडकी होत चालले होते. रात्री आमचे हे काही बोलायला आले की मी म्हणायची, उद्याचे तांदूळ निवडायचेत. हे बँकेतून रिटायर झालेले, दिवसभर घरात एकटे. एकदा म्हणाले, ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.’ मी तीन दिवस बोलले नाही.

गेल्या उन्हाळ्यात फुटपाथवर एक म्हातारी नवीन आली. बारीक, सावळी, डोक्यावरून पदर, जवळ एक बोचकं. मराठी बोलली म्हणून मी आपलेपणाने विचारलं, ‘कुठल्या तुम्ही आजी?’

‘इथलीच.’

‘इथली म्हणजे?’

‘आता इथं बसले ना? मग इथलीच.’

नाव सोनूबाई. याच्यापुढे तिने काही सांगितलं नाही आणि मीही खोदलं नाही. तिला मधुमेह होता. एकदा चक्कर येऊन पडली तेव्हा मी आणि कल्पनाबेन तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या दिल्या आणि मला बजावलं, गोळी घेतली की पोटभर जेवायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली जाईल आणि ही बाई बसल्या जागी जाईल. दिवसभरात तिला धड जेवण मिळायचं ते आमचंच. संध्याकाळी कुणी आणलं तर आणलं, नाहीतर चहा-पाव.

आणि नेमकी तेव्हापासून तक्रार सुरू झाली.

पहिल्यांदा बोलले रमणकाका. बाटल्या वेचतात, फुटपाथवरचे सगळ्यांत जुने, त्यामुळे तिथे त्यांचा शब्द चालतो. ‘बेन, आमां तो मीठुं ज नथी,’ ताट पुढे करून म्हणाले. मला वाटलं विसरले असेन. दुसऱ्या दिवशी आठवणीने घातलं. पुन्हा तेच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे म्हणतात, मीठ नाही. मला राग आला. मनात आलं, फुकटचं आणि वर नखरे. लिहायला लाज वाटते, पण आलं खरं.

वाढून झाल्यावर मी पातेल्यातलं उरलेलं चमचाभर तोंडात टाकलं. अळणी. मिठाचा लवलेश नाही. कल्पनाबेननी खाल्लं. ‘वैशालीबेन, खरेखर नथी,’ म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की माझी पन्नाशी उलटल्याची मलाच आठवण झाली.

पातेल्याच्या तळाची खरवड मी घरी आणली आणि यांना दिली.

‘कसंय मीठ?’

‘बरोबर आहे की.’

मी खाल्लं. बरोबर होतं. तीच खिचडी. तेच पातेलं. मध्ये फक्त रिक्षा.

मंडळी, त्यानंतर मी जे केलं ते कुठल्याही केमिस्ट्रीच्या बाईने केलं असतं. मीठ बदललं. पातेलं बदललं, ॲल्युमिनियमचं स्टीलचं केलं. फिल्टरचं पाणी सोडून नळाचं घेतलं. मीठ फोडणीत घातलं, मग पाण्यात, मग शेवटी वरून. कल्पनाबेनच्या घरी त्यांच्या हातून करवलं. रिक्षात बसायच्या आधी यांना चाखायला लावायची, म्हणजे सासूबाईंचा पहिला नियम मोडलाच. ‘छान आहे,’ हे म्हणायचे. आणि प्रतापनगरला ताटात पडली की अळणी. कढीसुद्धा. मिरची लागायची, गूळ लागायचा, आंबट लागायचं. फक्त मीठ नाही. एकदा चिडून दुप्पट घातलं, यांनी घरी थुंकून टाकली आणि फुटपाथवर लोक म्हणाले, ‘आज पण विसरलात का?’

आणि कधी रात्री कुठल्याशा मंदिरातून पुरी-भाजी यायची, त्यात मीठ असायचं म्हणे. म्हणजे जिभाही ठीक. फक्त आमचंच अन्न.

शेवटी मी क्लासच्या कपाटातून सिल्व्हर नायट्रेटची बाटली काढली. ज्यांनी सायन्स सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी — ज्या पाण्यात मीठ असेल त्यात हे टाकलं की दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. बिनमिठाच्या भातावर आधी घरी करून बघितलं, साका आला नाही. मग टेस्ट ट्यूब, गाळण्याचा कागद, ॲसिडची छोटी बाटली, सगळं पर्समध्ये घालून प्रतापनगरला. रमणकाकांच्या ताटातलीच खिचडी घेतली, पाण्यात कालवली, गाळली, थेंब टाकले. सगळा फुटपाथ माझ्याभोवती गोळा झाला होता. पांढराशुभ्र साका.

‘हे बघा मीठ,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘दिसतंय ना? आहे की नाही?’

रमणकाकांनी नळी उन्हात धरून बघितली. ‘बाटलीने लागे छे बेन,’ ते शांतपणे म्हणाले, ‘जीभने नथी लागतुं.’ बाटलीला लागतं, जिभेला लागत नाही.

मी रिक्षात बसून रडले. दुःखाने नाही, संतापाने. मीठ आहे. मी ते डोळ्यांनी बघितलंय. आणि ते कुणालाच लागत नाही, मलाही नाही. असलं उत्तर मी पेपरात लिहिलेलं बघितलं असतं तर भोपळा दिला असता.

पण खरी पंचाईत पुढेच होती. लोक कारण शोधतातच, आणि ते त्यांना सापडलं. ‘आ डोशी आवी त्यारथी.’ ही म्हातारी आली तेव्हापासून. आधी कुजबुज, मग तोंडावर. नजर आहे म्हणे तिची, अन्नाचं सत्त्व ओढून घेते. बायकांनी तिच्यापासून चादरी लांब सरकवल्या. मी समजावलं, ओरडले. रमणकाकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तमे घरे जाओ छो बेन. अमारे अहीं रहेवानुं छे.’ तुम्ही घरी जाता, आम्हाला इथेच राहायचंय. कल्पनाबेनसुद्धा परत येताना हळूच म्हणाल्या, तिला कुठल्या तरी आश्रमात ठेवलं तर? मी त्यांच्याशी रिक्षात एक शब्द बोलले नाही. सोनूबाईला आश्रमाबद्दल विचारलं मात्र होतं. ‘बंद दारात मला झोप येत नाही,’ एवढंच म्हणाली होती.

सगळ्यात वाईट म्हणजे सोनूबाईचा त्यांच्या बोलण्यावर विश्वास बसला. ती जेवेनाशी झाली. ताट घ्यायची, समोर ठेवायची, आणि आमची पाठ वळली की शेजारच्या कुत्र्याला. गोळ्या मात्र मी सांगितल्या म्हणून इमानाने घ्यायची. मी रागावले की म्हणायची, ‘मी नाही जेवले तर यांच्या ताटात तरी मीठ येईल, मास्तरीणबाई.’ मी क्लास घेते हे कळल्यापासून मी तिची मास्तरीणबाई.

एका दुपारी पोहोचलो तेव्हा तिचं बोचकं पुलाच्या पलीकडच्या बाजूला, रणरणत्या उन्हात होतं. हाकलून दिलं होतं. ती बोचक्याला टेकून बसली होती. अंग घामाने थबथबलेलं, हात लटलट कापत होते. सकाळी गोळी घेतली का विचारलं, तर मान हलवली. म्हणजे गोळी पोटात आणि पोट रिकामं. मी तिच्या जिभेवर कल्पनाबेनच्या पिशवीतला गुळाचा खडा ठेवला, दंडाला धरून तिला उठवलं, चालवत पुन्हा पंगतीत आणलं आणि मधोमध बसवलं. रमणकाका काही बोलणार होते, माझं तोंड बघून मागे सरले. तिच्यापुढे ताट ठेवलं. तिने तोंड फिरवलं.

आणि माझं डोकं फिरलं.

मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. मराठीतच बोलले, आणि सगळ्यांना कळलं. मी म्हटलं, मी दमलेय. सकाळी पोरं, दुपारी तुम्ही, संध्याकाळी पोरं. माझे गुडघे गेलेत. माझ्या नवऱ्याशी मी धड बोललेले नाही कित्येक दिवसांत. आणि कशासाठी? चिमूटभर मिठासाठी तुम्ही एका म्हातारीला मारायला निघालात? काय नाही यात? दाखवा मला काय नाही यात? असं म्हणत मी तिच्या शेजारी फुटपाथवर फतकल मारून बसले आणि तिच्या ताटातला मोठा घास उचलून तोंडात कोंबला. तिने आधी त्यात बोटं घातली होती. उष्टं, पंगत, सासूबाई... तेव्हा कशाचंच भान नव्हतं.

मीठ होतं.

नेमकं. जिथे जेवढं हवं तेवढं. मी चावायची थांबले. मग त्याच हाताने एक घास तिच्या तोंडात भरला. तिने हळूहळू चावला, गिळला.

‘आहे,’ ती म्हणाली.

रमणकाकांनी आपल्या ताटातलं बोटाने चाखलं. मग पलीकडच्या बाईने. थोड्या वेळाने पंगतीच्या टोकावरून आवाज आला, ‘बेन, थोडी खिचडी आपो.’ कल्पनाबेन पातेलं घेऊन उठल्या, त्यांचे डोळे वाहत होते. मी तिच्या ताटात जेवत राहिले. माझा राग उतरला नव्हता, मंडळी. उलट वाढला होता. इतके दिवस जे शोधत होते ते असं, कारण न देता, समोर आलं होतं.

संध्याकाळी रमणकाकांनी स्वतः तिचं बोचकं आणून भिंतीच्या सावलीत ठेवलं, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून मी रोज तिथे जेवायला लागले. सोनूबाईच्या शेजारी, तिच्याच ताटात. आणि रोज मीठ बरोबर. तुम्ही म्हणाल, छान शेवट झाला, सगळ्यांनी एकत्र जेवावं हा संदेश. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून एकदा बॅचची परीक्षा होती तेव्हा कल्पनाबेनना म्हटलं, तुम्ही बसा तिच्याबरोबर. त्या बिचाऱ्या मांडी घालून बसल्या, मनापासून जेवल्या. अळणी. यांना पाठवलं. हेही बसले, त्यांचा गुडघा अजून बोलतो. अळणी. मीच लागायची. का? मी काय पुण्यवान? पंगतीत सगळ्यात चिडकी मीच.

म्हणजे सुटका नाही. पुण्याला भाचीचं लग्न होतं. गेले, आणि हळद लागताना माझं लक्ष फोनकडे. कल्पनाबेनचा मेसेज आला, ‘मीठुं नथी. डोशी खाती नथी.’ लग्न लागताच मी परत. बहीण अजून फोनवर घुश्शात असते. यांनी स्टेशनवर माझी बॅग घेतली आणि म्हणाले, ‘तू त्यांना वाढतेस का त्यांनी तुला बांधून ठेवलंय?’

‘माहीत नाही,’ मी म्हटलं.

‘खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं ऐकली होती,’ हे म्हणाले. ‘इथे मीठच माणसाला जागतंय.’ नेहमीची टिंगल होती, पण बॅग त्यांनी घरापर्यंत मला उचलू दिली नाही.

सोनूबाई मात्र सुधारली. अंगावर थोडं मांस आलं. जेवताना बोलायला लागली, म्हणजे माझीच उलटतपासणी. नवरा काय करतो, दुपारी जेवायला काय करून ठेवतेस त्याला? मी म्हटलं, सकाळचंच असतं, घेतात गरम करून. त्यावर ती म्हणाली, ‘मग त्याचं अळणीच की गं पोरी.’ मी हसले. तेव्हा त्यात हसण्यापलीकडे काही वाटलं नव्हतं.

थंडी संपता संपता एका दुपारी रिक्षा पुलाखाली वळली आणि फुटपाथ रिकामा होता. धुतलेला. भिंतीला नवा रंग, कडेला कुंड्यांची रांग. एक चादर नाही, एक बोचकं नाही. चहावाला म्हणाला, पहाटे अंधारातच गाडी आली, सगळ्यांना घेऊन गेली. कुणाची गाडी, कुठे नेलं, त्याला माहीत नाही. मी पुढचे किती दिवस किती ठिकाणी गेले ते सांगत नाही. जिथे जावं तिथे माणूस दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचा. निवारे बघितले, दवाखाने बघितले, स्टेशनचे सगळे प्लॅटफॉर्म बघितले. ‘नाव काय, गाव काय?’ विचारायचे. सोनूबाई, इथलीच — एवढंच मला माहीत होतं.

बऱ्याच दिवसांनी मांडवीच्या गर्दीत रमणकाका दिसले, पाठीवर बाटल्यांचं पोतं. म्हणाले, लोकांना वेगवेगळ्या ठिकाणी उतरवलं. डोशी वाटेत कुठेतरी उतरली, कुठे ते अंधारात कळलं नाही. ‘गोळीओ एनी पासे हती,’ ते म्हणाले. गोळ्या तिच्याजवळ होत्या. मला धीर द्यायला म्हणाले असतील. मला तेच ऐकून धडकी भरली. गोळ्या आहेत, आणि जेवण?

आता जे सांगायला ही पोस्ट लिहायला घेतली ते.

फुटपाथ रिकामा दिसला त्या दिवशी भरलेलं पातेलं मी तसंच घरी आणलं. बरीचशी खिचडी सोसायटीच्या वॉचमनना, कामवाल्या बायकांना दिली. सगळ्यांनी छान म्हणून खाल्ली. राहिलेली आम्ही दोघं घेऊन बसलो. कित्येक महिन्यांनी दुपारी एकत्र. यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी घेतला.

अळणी.

तेव्हापासून घरातलं सगळं अळणी. वरण, भाजी, लोणचं, बाहेरून आणलेला फाफडासुद्धा. फक्त आम्हा दोघांना. पाहुणे जेवतात, काही म्हणत नाहीत. कल्पनाबेन एकदा म्हणाल्या, ‘जरा खारुं छे.’ डॉक्टर झाले. दोघांच्या जिभा तपासल्या, दोघांचं रक्त तपासलं, कोविडचं काही राहिलंय का तेही बघितलं. काही नाही. नवराबायकोला एकाच दिवशी एकच चव जाते हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं. हे वरून मीठ घ्यायला लागले, माझ्या नकळत आणखी थोडं. मग यांचं बीपी इतकं चढलं की दोन दिवस दवाखान्यात. म्हणजे मीठ पोटात जातच होतं. मी पुन्हा ती नळी काढली, आमच्याच वरणाचं पाणी घातलं. पांढराशुभ्र साका. मी ती नळी मोरीत आपटून फोडली.

आणि मग एका दुपारी यांचा हात तोंडाशीच थांबला.

‘लागतंय,’ हे म्हणाले.

मलाही लागत होतं. साधं वरण, साधा भात, वर लिंबू, आणि मीठ. इतकं चवीचं मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही. हात धुवायला उठता उठता हे, ज्यांनी या सगळ्याची आतापर्यंत नुसती चेष्टा केली होती, खाली बघून म्हणाले, ‘म्हातारी जेवतेय कुठेतरी.’

मला ते पटलं असं मी म्हणणार नाही. त्याला पुरावा काय? पण तेव्हापासून अधूनमधून असं होतं. कधी लागोपाठ दोन-तीन दिवस चव असते, कधी आठवडा कोरडा जातो. काही हिशेब लागत नाही, मी लावून बघितलाय. इथे कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. नजर, दोष, शांती, असलं सांगू नका, ते सांगणारे मला घरबसल्या भरपूर मिळालेत. मला एवढंच कळायला हवंय की बडोद्यात, किंवा बडोद्याबाहेर, पदर डोक्यावरून घेतलेली एक बारीक सावळी म्हातारी कुणी बघितली आहे का, आणि तिच्याबरोबर कुणी जेवायला बसतं का.

दुपार आता मोकळी असली तरी त्या वेळेला मी बॅच घेत नाही. ज्या वेळेला तिथे पंगत बसायची त्याच वेळेला आम्ही दोघं पानं घेतो. मिठाची बरणी यांनी स्वतःच टेबलावरून उचलून फडताळात वर ठेवली. म्हणाले, वाट बघायची तर अशीच बघू.

गेले बरेच दिवस काही लागलेलं नाही. आज दुपारीही वरण अळणी होतं. आम्ही दोघांनीही ते संपवलं, पानात काही टाकलं नाही.